पळणारा राक्षस

राक्षसाने पळायचं नसतं. पाण्यासारखा पैसा ओतून पिक्चर काढणाऱ्यांना एवढी साधी गोष्ट कळू नये, याचा मला अजून संताप येतो.

मूळचा राक्षस जपानचा. समुद्रातून वर यायचा, दोन पायांवर ताठ उभा राहायचा आणि एकेक पाऊल टाकत शहरात शिरायचा. तोफा डागा नाहीतर रणगाडे आणा, तो आपल्या चालीने येणार. आम्ही लहान असताना आमच्या टेमघरला कापड विणणाऱ्या लूमच्या कामगारांसाठी एक व्हिडिओ पार्लर होतं, तिथे मी आणि दादाने तो पहिल्यांदा पाहिला. जपानी कुणाला कळतंय? मागे बसलेले कारागीर मनाचेच संवाद जोडायचे, "अबे भाग, सेठ आ रहा है!" आणि अख्खं पार्लर हसायचं. राक्षस चालायला लागला की मात्र सगळे चिडीचूप.

दादा माझा थोरला भाऊ, मी त्याची धाकटी बहीण. त्याचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेला. अंग एका बाजूला टाकून, पाय ओढत तो हळूहळू चालतो. त्या दिवशी घरी येताना मला म्हणाला, "बघ, त्याला पन पलता येत न्हाय. पलतान ती मानसं."

पुढे गल्लीतल्या मंडळाने गणपतीच्या देखाव्यात तो राक्षस करायचं ठरवलं, तेव्हा सोंगाच्या आत दादाशिवाय कोण शिरणार हा प्रश्नच नव्हता. लूमवरचं कोरं कापड हिरवं रंगवून, शेपटीत चिंध्या भरून सोंग मी शिवलं. दरवर्षी उसवलेलं शिवायचं कामही माझ्याकडेच. पडद्यामागून दादा एक पाय ओढत बाहेर आला की पोरं आयांच्या पदरात घुसायची. थेट वज्रेश्वरीहून माणसं बघायला यायची.

आणि यंदा त्या जपानी राक्षसाचा हा इंग्रजी रिमेक आला. मंडळाची पोरं हौसेने आम्हा दोघांनाही घेऊन गेली. पडद्यावर बघते तर काय, कंबरेत वाकलेला एक सरडा! इमारतींच्या आडून तुरुतुरु पळतोय, विमानं आली की बोगद्यात लपतोय. ज्याच्यापुढे शहर पळायचं, तोच शहरापुढे पळत होता. नाव मात्र तेच. अरे, सरडा करायचा तर खुशाल करा, पण त्याला वेगळं नाव द्या! दुसऱ्याच्या घरातला राक्षस उचलायचा, त्याचा कणा वाकवायचा आणि वर आम्ही त्याला नवा केला म्हणून मिरवायचं, ही कुठली रीत? पोरं शिट्ट्या मारत होती. दादा पॉपकॉर्न खात होता.

मंडळाच्या मीटिंगला अध्यक्ष म्हणाला, "यंदा राक्षस नवीन स्टाईलचा करू, पळणारा. दादा, तुम्ही लय केलंत आमच्यासाठी. आता खुर्चीत बसून आरामात बघा."

माझं डोकंच फिरलं. "त्या पिक्चरवाल्यांना अक्कल नाही, ती तुम्ही कशाला उसनी आणताय?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "एवढी वर्षं ह्याच्या चालण्याला घाबरलात ना?"

"बस कर गो," दादा म्हणाला. "बरोबर हाय त्यांचं."

घरी येऊन मी त्याच्यावरही तोंड सोडलं. तू का नाही भांडलास, म्हणून. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या सोंगात मी चाललो का माझी कुनाला कीव येत न्हवती. तेवढंच होतं माझं. त्याच्यासाठी काय भांडू?"

मी आत जाऊन भात लावला.

गणपतीत नवा राक्षस झाला. चपळ पोरगा होता, चार पायांवर झपाझप धावला, टाळ्याही पडल्या. मला तो बघवेना, पण दादाला जवळून बघायचा होता. तो खुर्चीतून उठला आणि गर्दीतून पुढे निघाला. एका बाईने आपल्या मुलीला दंडाला धरून बाजूला ओढलं. "सरक गं, काकांना जाऊ दे बिचाऱ्यांना." बाकीच्यांनीही वाट करून दिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या बाईचं तरी काय चुकलं होतं?

दादा तिला थँक्यू म्हणाला. आणि सगळे आपल्यासाठी थांबलेत हे बघून, तो पाय ओढत जमेल तितकी घाई करायला लागला.