जावेच्या मापाची सायकल

आमच्या घरातून रोज दोन शिक्षिका सायकलवर बाहेर पडायच्या. मी थोरली सून आणि दुसरी माझी धाकटी जाऊ. भडगावहून फाट्यापर्यंत आमचा रस्ता एकच होता. तिथून ती डावीकडच्या गावातल्या शाळेत जायची, मी उजवीकडच्या. ऐंशीनंतरची ती वर्षं. साडीतली बाई सायकलवर दिसली की शेतातली माणसं काम थांबवून बघायची, आणि आम्हा दोघींत बघायची ती तिलाच.

ती उंच होती. माहेरून आलेली निळी लेडीज सायकल तिला अगदी शोभायची. पाठ सरळ, खांदे सैल, पदर जागच्या जागी. माझ्याकडे नणंदेची जुनी सायकल होती, तिची सीट दगडासारखी. शाळेत पोचल्यावर पहिला तास मी उभ्यानेच घ्यायचे.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. एकदा ओट्यावर बसून ते म्हणाले, "धाकलीनी सायकल भारी शे." धाकटीची सायकल छान आहे, एवढंच. पण मला त्यात सायकल ऐकूच आली नाही, फक्त धाकली ऐकू आली.

मग मी हट्ट धरला, मला तश्शीच हवी. आम्ही नवराबायको जळगावला गेलो. ह्यांनी एक लहान मापाची सायकल दाखवली आणि पाय जमिनीला टेकतात का ते बसून बघ म्हणाले. दुकानात चारचौघांसमोर बसायला लाज वाटते, असं मी सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. लहान सायकल म्हणजे तिच्यापेक्षा लहान. मी उंच निळ्या सायकलवर हात ठेवला आणि हीच घ्यायची म्हटलं.

सीट पार खाली उतरवली, तरी पॅडल खाली गेलं की माझा पाय सुटायचा. ते गाठायला कंबर सारखी इकडून तिकडे हलायची. मांड्या सोलवटल्या. हँडल लांब पडायचं, त्यामुळे मान आखडायची. घरी मांडी घालून पोळ्या लाटणं जिवावर यायचं, पण मी कुणाला बोलले नाही. जाऊ पुढे जाऊन माझ्यासाठी थांबायची, तेव्हा मी चेन घासते असं काहीतरी सांगायचे. तिचं ते थांबणं मला जास्त लागायचं.

एकदा फाट्याजवळ समोरून बैलगाडी आली. मी ब्रेक दाबला, पाय टेकायला गेले, तर खाली जमीनच लागली नाही. सायकलसकट कडेच्या मातीत पडले. जाऊ मागे फिरली. तिने मला उठवलं, साडी झटकली आणि हळूच म्हणाली, "अक्का, ही माझ्या मापाची आहे. तुम्ही तुमच्या मापाची घ्या ना."

"तू मोठ्या मापाची, मी लहान, असंच ना?" मी म्हटलं.

ती रागावली नाही. "माझे पाय लांब आहेत, एवढंच. ह्याच उंचीपायी दोन स्थळांनी मला नाही म्हटलं होतं."

हे मला माहीत नव्हतं. ऐकून क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिच्याकडे बघवेना.

रविवारी तीच माझ्याबरोबर जळगावच्या दुकानात सायकल बदलायला आली. तिने मला एकेका सायकलवर बसवलं. बसल्या बसल्या चवडे टेकले पाहिजेत, पॅडल खाली असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, हँडल धरताना कोपर ताणलं जाता कामा नये, असं ती एकेक तपासत गेली. शेवटी एक बुटकी काळी सायकल निघाली, रुंद, स्प्रिंगच्या सीटची. आठवडाभरात दुखणं गेलं. शाळेचा रस्ता तोच, पण आता उतारावर मी गुणगुणायलाही लागले.

पुढच्या उन्हाळ्यात दिरांना धुळ्याला नोकरी लागली आणि जाऊही तिकडे बदली घेऊन गेली. जाताना तिने सीट खालीवर करायचा आपला पाना मला दिला. त्यांनी तिथे दोन खोल्या घेतल्याचं कळलं. मी आरामात पॅडल मारत शाळेत जायचे आणि वाटभर मनात तिच्या त्या खोल्या बघत राहायचे. तिची वेगळी चूल, हवा तेव्हा चहा, आणि संध्याकाळी दार लावून घेतलं की दोघंच.