वळणावरचे कंट्रोलर मामा

कंट्रोलर मामा घरात प्यायला पाणी मागायचे तेसुद्धा लाउडस्पीकरवरून मागितल्यासारखं. "पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातून बाहेर येत आहे काय?" असं ते म्हणाले की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहायचं. एसटी स्टँडवरच्या काचेच्या खोलीत, माइकपुढे त्यांची नोकरीची सगळी वर्षं गेली. रिटायर झाले तेव्हा माइक तिथंच राहिला, आवाज तेवढा घरी आला.

या आवाजानं मला एकदा बिनलग्नाचा ठेवलं. वडवणीला पोरगी बघायला निघालो होतो. कडक इस्त्रीचा शर्ट, कानात अत्तराचा फाया, असा ऐटीत फलाटावर उभा. माइकवरून मामा सांगत होते, "वडवणीकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात लागेल." दुपार कलली तरी गाडी थोड्याच वेळात लागणारच होती. शेवटी मी काचेवर टकटक केली.

"रद्द हाय रे ती. सकाळीच रद्द झाली," मामा हळूच म्हणाले.

"मग सांगत कावून न्हाई, मामा?"

"न्हाई म्हणलं की माणूस मटकन खाली बसतंय. येतीय म्हणलं की उभं तर ऱ्हातंय."

मी उभा राहिलो, आणि मोटरसायकलवरून वेळेत पोचलेल्या एका गृहस्थाला ती पोरगी दिली. पण मामांवर राग धरणं मला जमलं नाही. माणसाला 'नाही' सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की ऐकणाऱ्यालाच त्यांची समजूत घालावीशी वाटे.

मग गाव वाढलं. मांजरसुंब्याच्या बाजूला नव्या वसाहती झाल्या, मोठा दवाखाना झाला, आणि मधल्या बाजारात उसाच्या ट्रॉल्या, रिक्षा आणि म्हशी एकमेकांत अशा अडकायला लागल्या की चालत जाणारा माणूस सगळ्यांच्या आधी पोचे. तेव्हा वरून ठरलं, स्टँडपासून दवाखान्यापर्यंत गावाच्या मधोमध ट्राम धावणार. गाव आठवडाभर हसलं. रूळ उतरायला लागले तेव्हा हसणं थांबलं.

आमची गल्ली बाजार आणि दवाखाना यांच्या बरोबर मधे. सगळी घरं बौद्धांची, मधोमध विहार. आजवर गावानं आमच्या बाजूला जे जे आणून ठेवलं ते गावाला स्वतःच्या दारात नको असलेलं होतं. कचऱ्याचा ढीग आमच्याकडं, मेलेली जनावरं आमच्याकडं, देशी दारूचं दुकानही आमच्याकडं. पहिल्यांदाच एक चांगली वस्तू आमच्या दारावरून जाणार होती, आणि तिचा थांबा आमच्या गल्लीला मिळावा एवढीच मामांची इच्छा होती. त्या इच्छेत गयाअक्काचे दुखरे गुडघेही होते. गयाअक्का बाजारात भाजी विकायची आणि संध्याकाळी रिकामी टोपली घेऊन, दर खांबाला टेकत घरी यायची.

ट्रामच्या ऑफिसातले एक साहेब येऊन म्हणाले, "इथं गाडीला वळण घ्यावं लागतंय. पुढचे ओटे निघाले तर थांब्याचं बघता येईल." मामांनी त्याच संध्याकाळी विहारात सगळ्यांना बोलावलं.

"विहार बांधलं तवा आपण कुणाची वाट बघितली का? न्हाई ना? मग ओटे बी आपणच काढू. उद्या कुणी म्हणाया नको, का यांनी गाडी आडवली."

"आन थांबा दिला न्हाई तर?" गयाअक्कानं विचारलं.

"येतोय, अक्का. थोड्याच वेळात येतोय."

रविवारी श्रमदान झालं. दुसऱ्या कुठल्या गल्लीनं हुकूम यायच्या आधी आपल्या हातानं आपले ओटे फोडले असतील असं मला वाटत नाही. आम्ही फोडले, आणि वर चहाही केला. पहिला घाव घालायचा मान मी मागून घेतला. मोठ्या आवेशात टिकाव उचलला आणि थेट नळाच्या पाइपात घातला. कारंजं विहाराच्या झेंड्यापर्यंत उडालं. "याच्या हातात लेकरू बी देऊ नगा बे!" असा गल्लीचा ठराव झाला. तरी मी सुधारलो नाही. पेंटरकडून 'थांबा टी सेंटर' अशी पाटी रंगवून घेतली आणि खाटेखाली सरकवून ठेवली. पाटी अजून तिथंच आहे. उंदीर तिचा चांगला उपयोग करतात.

त्यानंतर रुळांची जागा दाखवणारी चुन्याची रेघ आली. आधी ती ओट्याच्या जागेवर होती. एका सकाळी उठून बघितलं तर हातभर आत सरकलेली. रेघ ओढणारा माणूस कुणालाच दिसला नाही. आठवड्यानं ती पडवीत आली. मग पुढच्या खोल्या अर्ध्या झाल्या, मग विहाराचं अंगण गेलं. रस्त्यापलीकडं दुकानांची रांग होती. तिथं एक पायरीसुद्धा हलली नाही. बायका सकाळी सडा टाकायला दार उघडायच्या तेव्हा आधी खाली बघायच्या. मामा मात्र प्रत्येक वेळी सांगायचे, "वळणाला जागा लागतीय. गाडी लांब हाय ना." शेवटी रेघ उरलेल्या खोल्यांच्या उंबऱ्याला लागून थांबली, मांजर दारात बसतं तशी.

रूळ बसले. थांब्यांचे निळे खांब आले. एक बाजाराच्या तोंडाला लागला, एक पुढं दवाखान्याच्या चौकात. आमच्या गल्लीत आला नाही. मामा मला घेऊन ऑफिसात गेले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला. "काका, वळणावर गाडी थांबवता येत नाही. सुरक्षेचा नियम आहे."

"वळण आमच्या ओट्यावर हाय, साहेब. आमीच जागा दिली त्याला."

"हो ना," साहेब म्हणाले, "म्हणूनच."

परत येताना मी खूप तावातावानं बोललो. मोर्चा काढू, रुळांवर झोपू, असं बरंच काही. मामा ऐकत होते की नाही कोण जाणे. गल्लीच्या तोंडाशी गयाअक्का टोपलीवर बसली होती.

"काय मामा, कवा थांबतीय तुमची गाडी?"

"न्हाई थांबायची," मामा म्हणाले. इतक्या बारीक आवाजात की दुसरंच कुणी बोललं असं वाटून मी मागं वळून बघितलं. गयाअक्का त्यांना टोमणा मारायची एकही संधी सोडत नसे. त्या दिवशी तिनं टोपली उचलली आणि खांबाला टेकत घरी गेली.

ट्राम सुरू झाली. ती वळणावर आली की मांडणीतली ताटं आपोआप वाजायची. दार उघडून पाय टाकला की रूळ. म्हणून लोकांनी पुढची दारं खिळे ठोकून बंद केली आणि मागच्या बोळात भिंती फोडून दारं काढली. बोळ एवढा अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं मागं जायचं. मामांनी तेवढं आपलं पुढचं दार बंद केलं नाही. आत खुर्ची टाकून, पाय पोटाशी घेऊन बसायचे. घंटा वाजायची, उजेड कापला जायचा, पडदा आत ओढला जायचा.

"मामा, बंद करा की. एखाद दिवस घात होईल," मी म्हणालो.

"गाडीच्या खिडकीतल्या माणसांचा काय दोष रे? सगळी दारं बंद बघून त्यांना वाटंल, हितं कुणी ऱ्हातच न्हाई. एक तरी उघडं आसू दे."

त्याच खुर्चीत एका दुपारी ते गेले. तिरडी बांधली, पण मागच्या बोळात ती वळेना. तिरकी करून बघितली, उभी करायचं कुणी मनात आणलं नाही. उरलं मामांचंच दार. आम्ही पांढरे कपडे घातलेली सगळी माणसं त्या दारातून रुळांवर उतरलो. त्रिसरण सुरू होतं. तेवढ्यात बाजाराकडून गाडी आली.

घंटा वाजली, पुन्हा वाजली. खांदा देणाऱ्यांत मी पुढं होतो. मागं सरकायला जागाच नव्हती. चाकं किंचाळली. गाडी आमच्यापासून दोन हातांवर, बरोबर वळणावर उभी राहिली. ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. खिडक्यांमधून लोक वाकून बघत होते.

गाडीचं मागचं दार उघडलं आणि रिकामी टोपली घेऊन गयाअक्का उतरली. तिच्याच घरासमोर. तिनं टोपली आपल्या खिळे ठोकलेल्या दाराला टेकवली, पदर डोक्यावर घेतला आणि आमच्यामागून चालायला लागली. आम्ही वळण पार करेपर्यंत गाडी तिथंच उभी होती.