नमुना म्हणून निवडलेलं कारण

सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे दाखवणारे छोटे व्हिडिओ बनवणं हे माझं काम. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चाकणच्या बऱ्याच कारखान्यांत चालतं. मशीनवरून उतरलेला पार्ट नापास झाला, की इन्स्पेक्टरने टॅबवर नोंद करायची आणि तो का नापास झाला ते एका यादीतून निवडायचं. पूर्वी मी स्वतः कारखान्यांत जाऊन हे शिकवायचो. आता रहाटणीच्या फ्लॅटमध्ये, मागच्या खोलीत पंखा बंद करून आणि कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं ठेवून बोलतो. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही.

व्हिडिओ आधी कागदावर होतो. डावीकडे पडद्यावर काय दिसणार ते, उजवीकडे मी काय बोलणार ते. मग काटछाट. लाइनवरचा माणूस व्हिडिओ उभ्याने पाहतो, एका हातातला मोजा काढून. त्याच्यापुढे पाल्हाळ चालत नाही. माझ्या काटछाटीचं ऑफिसात कौतुक व्हायचं आणि मला ते आवडायचं.

नापास पार्टचा व्हिडिओ करताना यादीतलं कुठलं तरी एक कारण निवडून दाखवायचं होतं. व्हिडिओ मोबाइलवर पाहताना वरची कारणं लांब असल्यामुळे अर्धवट कापली जात होती. ‘ऑपरेटरची चूक’ हे एका ओळीत नीट बसत होतं. मी ते निवडलं. मूळ मजकुरात पुढे एक वाक्य होतं: कारण नक्की माहीत नसेल, तर यादी खाली सरकवून ‘तपास बाकी’ निवडा. ते मी लांबी कमी करायला खोडलं. खोडताना मनात काहीही आलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

माझी धाकटी बहीण थेरगावात राहते. दाजी मूळचे लातूरकडचे, चाकणच्या एका कारखान्यात मशीन चालवतात, काँट्रॅक्टवर. एका रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो, तर दाजी ताटाशी नुसते बसून होते.

“महिनाअखेरीला ह्यांचं काँट्रॅक्ट संपतंय,” बहीण म्हणाली. “आणि तिथं टीव्हीवर रोज ह्यांचं नाव लाल रंगात येतंय. सगळ्यात वर.”

लाइनवर टांगलेला तो टीव्ही मला माहीत होता. ज्यांच्या नावावर चुका जास्त, त्यांची नावं लाल. तीही आमच्याच सॉफ्टवेअरची सोय. दाजींनी मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. मी त्यांचं नाव पाहिलं आणि फोन परत दिला.

“बाहेरून ओतून आलेलं कास्टिंगच आतून पोकळ निघतंय दादा,” दाजी म्हणाले. “कापलं की भोक उघडं पडतंय. त्यात मी काय करावं? पण इन्स्पेक्टर येतंय, आन् माझंच नाव दाबून जातंय. म्हणलं, भावा, असं का करायलाय? तर म्हणतंय, व्हिडिओत असंच दाखवलंय की.”

“कुठला व्हिडिओ?” मी विचारलं खरं, पण अंदाज आला होता.

त्यांनी लावला. ग्रुपवर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आलेला. “नमस्कार. आज आपण नापास पार्टची नोंद कशी करायची ते पाहू या.”

“अगं बाई, हा तर दादाचा आवाज!” बहीण हसायलाच लागली. “काय गोड बोलतोयस रे! घरात कधी बोललास असा?”

दाजी हसले नाहीत. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत चालू दिला. मग मी सांगितलं की ते कारण मी फक्त नमुना म्हणून निवडलं होतं.

“मग तसं म्हणायचं की त्यात,” ते म्हणाले आणि भात कालवायला लागले.

सोमवारी ऑफिसात मी आमच्या प्रमुख बाईंना सगळं सांगितलं. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण कामाला पक्क्या. म्हटलं, हा व्हिडिओ वापरणाऱ्या सगळ्या कारखान्यांना कळवायला हवं की ह्या नोंदी भरवशाच्या नाहीत.

“सर, एकदा आपण असं लिहिलं की उद्या ते कुठल्याच नोंदीवर विश्वास ठेवणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “व्हिडिओ बदला. लेखी काही नको.”

मी व्हिडिओ बदलला. ह्या वेळी ‘तपास बाकी’ निवडून दाखवलं आणि खोडलेलं वाक्यही परत घातलं. झालं असं, की इन्स्पेक्टर आता सगळीकडे ‘तपास बाकी’ दाबू लागले आणि तपास कुणीच करेना. दाजींच्या नावावरच्या जुन्या नोंदी मात्र होत्या तशाच राहिल्या.

म्हणून मी एक दिवस रजा टाकून चाकणला गेलो. त्या कारखान्यातले क्वालिटीचे साहेब, मी शिकवायला जायचो तेव्हापासून, मला ओळखत होते. त्यांनी चहा मागवला. मी कास्टिंगचं सांगितलं, व्हिडिओचं सांगितलं, चूक माझी आहे म्हणालो. ते ऐकत होते, पण चेहरा कोरा.

“म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर खोटं बोलतं, असं लिहून देता?”

“लिहून नाही देऊ शकत.”

“मग कशाला आलात राव एवढ्या लांब?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “पाहुणे आहेत का कुणी तुमचे लाइनवर?”

मी होय म्हणालो आणि दाजींचं नाव सांगितलं.

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. “अहो, मग आधी नाही का सांगायचं! उगाच कास्टिंग, व्हिडिओ लावलंत. पाहुण्यांचं बघतो मी.”

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं की मी वशिला लावायला आलेलो नाही. मी म्हणालो, “आभारी आहे साहेब.” आणि उरलेला चहा प्यायलो. येताना नाशिक फाट्यापर्यंत मला बरंच हलकं वाटत होतं, हेही खरं.

दाजींचं काँट्रॅक्ट वाढलं. बहिणीने पुरणपोळ्या केल्या, डबा घरी पाठवला. त्यानंतर थोड्या दिवसांनी दाजींचा फोन आला. फर्स्ट शिफ्ट सुटून ते डांगे चौकात कंपनीच्या बसमधून उतरले होते. मागे हॉर्न ऐकू येत होते.

“दादा, तुमी तिथं माझं नाव घेतलं काय?”

“घेतलं.”

“लाल नावं तिघांची होती. बाकीच्या दोघांना काढलं. आमी एकाच बसला होतो. त्यांचंबी घेतलं असतं तर?”

“मला त्यांची नावं माहीत नव्हती, दाजी.”

“बरं,” ते म्हणाले. “फोटोत होती की.”

होती. त्यांच्या नावाच्या खालीच होती. मी पहिलं नाव वाचून फोन परत दिला होता.

आता प्रत्येक व्हिडिओत, निवड दाखवण्याआधी, मी म्हणतो की हा फक्त नमुना आहे, तुमच्यापुढचा पार्ट पाहून ठरवा. प्रमुख बाई म्हणतात, ह्या वाक्याने लांबी वाढते. मी ते काढत नाही. दाजी अजून त्याच मशीनवर आहेत. येतात, जातात, मला दादाच म्हणतात. कारखान्यातलं मात्र माझ्यासमोर काही बोलत नाहीत.