रुक्मिणबाईची गाय आणि आमची सुजाता

बारा वर्षं मी गावाला एक नियम सांगत होतो.
तो नियम कुठंच लिहिलेला नव्हता.

हे मला दाखवून देणारी आमची सुजाता काल गेली. बीडच्या दवाखान्यात.
पन्नाशीसुद्धा गाठली नाही पोरीनं.

तुम्ही तरुण मंडळी तिला ओळखता ते मोठ्या मीटिंगमध्ये साहेबांपुढं ठणकावून बोलणारी सुजाता मॅडम म्हणून.
मला आठवते ती चारा छावणीतली. तेवढंच सांगतो.

मी तेव्हा आमच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं जुने पेपर आणि फायली चाळून शिकलो. अक्षर बरं होतं, म्हणून खुर्ची मिळाली.

सुजाता आमच्याच गावच्या बौद्ध वस्तीतली. गावातली पहिली ग्रॅज्युएट मुलगी. शहरात नोकरी मिळत होती, तर ही उलट्या एसटीत बसून गावाकडं आली.

लोक म्हणाले, "एवढं शिकून शेवटी शेणातच आली."
ती म्हणाली, "शेणात सगळ्या बायाच हायत. म्हणून तर आले."

त्या साली दुष्काळानं विहिरींचे तळ दाखवले. सोसायटीनं माळावर चारा छावणी घातली. गडी माणसं कामाला बाहेरगावी, आणि जनावरांपाशी पाल ठोकून बाया.

छावणीचा कायदा साधा. ज्याच्या नावानं सोसायटीचं सभासद कार्ड, त्याच्या ताब्यात जनावर.

रुक्मिणबाईची गाय होती. कालवड असताना बापानं माहेरून दिलेली. रोज दोन्ही वेळेला दूध तीच घालायची. कार्ड मात्र नवऱ्याच्या नावावर. तो पाच वर्षांपासून नांदूरघाटला दुसरा संसार थाटून बसलेला.

एके दिवशी तो टेम्पो घेऊन छावणीत हजर. गाय नेकनूरच्या बाजारात विकायची म्हणाला.

रुक्मिणबाईनं दावं हाताला गुंडाळून घेतलं.

मी म्हणालो, "बाई, सोड. कार्ड त्याचं हाय. माझ्या हातात काय न्हाई."

तेवढ्यात सुजाता आली.
"नाना, कार्ड हिच्या नावावर कावून न्हाई?"
"घरटी एकच सभासद. तो घरचा कर्ता पुरुष. नियम हाय."
"दाखवा की."

चार लोकांत मला 'दाखवा' म्हणते! डोकं फिरलं.
म्हणालो, "शिकली असशील, पण मला सोसायटी शिकवू नको. लई आगाऊ झालीस."

ती चिडली नाही. टेम्पोवाल्याला म्हणाली, "दादा, उद्या या. नाना पुस्तक काढून ठेवतील."

त्या दुपारी मी ऑफिसात बसून पोटनियमांचं पुस्तक काढलं. तिला तोंडावर पाडायचंच, असं ठरवून.

तीनदा वाचलं.

त्यात होतं, गावात राहणारी, दुभतं जनावर असणारी, सोसायटीला दूध घालणारी सज्ञान व्यक्ती. बस.
घर नाही, कर्ता नाही, पुरुष नाही.

आधीच्या सेक्रेटरीनं मला सांगितलं होतं, त्याला त्याच्या आधीच्यानं. सगळे मेंढरावाणी एकामागं एक. आणि मी बारा वर्षांत कितीक बायांना दारातून परत पाठवलेलं!

संध्याकाळी सुजाताला जाऊन सांगितलं. मान खाली होती.

वाटलं, आता ही गावभर वाजवणार.

तर म्हणाली, "नाना, उद्या हे तुमीच सांगा. माझ्या तोंडून लोकांना भांडण वाटंल. तुमच्या तोंडून कायदा वाटंल."

दुसऱ्या दिवशी भर छावणीत मी ते पान मोठ्यानं वाचलं. म्हणालो, "आजवर मीच चुकीचं सांगत होतो."

मग नवऱ्याला विचारलं, "दूध कोण घालतं?"
"बायको."
"आन् गाय कुणाच्या बापानं दिली?"

तो टेम्पोवाल्याकडं बघायला लागला. मागून बाया हसल्या. टेम्पो रिकामा गेला.

रुक्मिणबाईचा सभासद होण्याचा अर्ज सुजातानं तिथंच लिहिला. सही मात्र रुक्मिणबाईनं स्वतः केली. एकेक अक्षर, ओठ दाबून.

पुढं सर्वसाधारण सभेत ठराव आला. जी दूध घालील, ती सभासद.
एक जण उठला, "बाया मीटिंगला बसल्यावर धारा कोण काढणार?"
एक म्हातारी म्हणाली, "आजवर तू काढत हुतास का रं?"
ठराव पास!

बायांचे अर्ज घेऊन तालुक्याला गेलो, तर साहेब म्हणाले, नवऱ्याची संमती आणा.
सुजाता म्हणाली, "तसं लेखी द्या साहेब."
साहेबांनी लेखी दिलं नाही. अर्ज घेतले.

मग तोच ठराव घेऊन ही पोरगी लिंबागणेशच्या बाजूची गावं फिरली. कुठं चहा मिळाला, कुठं शिव्या. पण जिथं गेली तिथं पुस्तक उघडायला लावलं. 'समानता समानता' असं भाषण तिनं माझ्यासमोर कधी ठोकलं नाही. अर्ज लिहायची, ठराव लिहायची, आणि ठराव फायलीत झोपू नये म्हणून मागं लागायची.

मागच्या महिन्यात दवाखान्यात भेटलो. हात काडीसारखा झालेला.
म्हणालो, "पोरी, त्या दिवशी तुला आगाऊ म्हणलो. राहून गेलं बघ माफी मागायचं."
हसली. म्हणाली, "आगाऊ हायेच की मी. त्याला माफी कशाची?"

आज सकाळी सोसायटीत शोकसभा झाली. निम्म्याहून जास्त बाया.
सध्याच्या अध्यक्ष उभ्या राहिल्या. एवढंच म्हणाल्या,
"माजी गाय तिनं राखली. मंग मला राखलं."

अध्यक्ष म्हणजे रुक्मिणबाई.

सुजाता, आमचं गाव तुझ्यामुळं ताठ मानेनं उभं आहे.
तुला या म्हाताऱ्याची मनापासून आदरांजली.
जयभीम, पोरी.