हाताने दोन फेरे

गॅरेजवाल्या मिस्त्रींना लोक पाठीमागे ‘दोनफेरे’ म्हणत, आणि ते मिस्त्रींना चांगलं ठाऊक होतं. टायमिंग बेल्ट बदलला की ते चावीला हात लावत नसत. आधी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजीन हाताने पुरतं दोनदा फिरवायचं, मगच सेल्फ मारायचा. गिऱ्हाईक कितीही तणतणो. बेल्टचे दाते चुकून भलतीकडे बसले, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचे तीनतेरा वाजतात. बत्तीस वर्षांत आपल्या हातून एकही इंजीन गेलं नाही, हे ते ऐकणाऱ्याला वीट येईपर्यंत सांगत.

आज गाडी नर्सबाईंची होती. डोंगरापलीकडे एक बाई अवघडलेली होती आणि नर्सबाईंना चारला निघायचं होतं. साडेतीन वाजले होते. त्या दारात उभ्या राहून नुसत्या घड्याळ बघत होत्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

मिस्त्रींनी पाना फिरवला. अर्धा फेरा सुरळीत गेला आणि पाना अडला.

“कॉम्प्रेशन आहे,” कोणी विचारलं नसताना ते म्हणाले. दाबलेल्या हवेने पाना जड होतो, पण नेट लावला की सरकतो. इथे लोखंडाला लोखंड टेकलं होतं, आणि हाताला ते तेव्हाच कळलं होतं. तरी त्यांनी दुसरा हातही पान्यावर ठेवला.

“बाबा, थांबा!” शेजारच्या गाडीखालून मुलगी बाहेर आली. बारा वर्षं ती त्यांच्याबरोबर राबत होती, पण टायमिंगला त्यांनी तिला हात लावू दिला नव्हता.

“तू मला शिकवू नकोस.”

“खूण बघितलीत ना नीट?”

व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या पुलीवर दोन खुणा होत्या. एक कंपनीची खाच, दुसरा कुण्या जुन्या मिस्त्रीने उठवलेला ठिपका. बेल्ट बसवताना त्यातली कुठली जुळवायची, हे त्यांनी अंदाजाने ठरवलं होतं. गेले काही महिने त्यांना बारीक काही दिसत नव्हतं, आणि ते बोलून दाखवायचं तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. नेट लावला असता तर सगळं तिथेच संपलं असतं.

त्यांनी पाना काढला. “मला खाच दिसत नाही गं.”

“माहीत आहे,” ती हळूच म्हणाली. “सहा महिने झाले. बेल्ट बसवून तुम्ही जेवायला गेलात की मी खुणा तपासते. आज तुम्ही जेवायला गेलाच नाहीत.” मग दाराकडे वळून म्हणाली, “बाई, चारला गाडी मिळेल.”

“किती गाड्यांत चूक निघाली?” मिस्त्रींनी विचारलं.

ती बेल्ट सैल करत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं.

“तीन.”

मिस्त्रींना रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. त्यांनी टॉर्च उचलला आणि तिला दाते दिसतील असा धरला.