पाणी आणि पानी

मी सातवीत शाळा सोडली. लग्न होऊन बीडहून जूचंद्रला आले, तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. मुलगी दोन वर्षांची झाली तरी मोजकेच शब्द बोलायची. त्यातही कधी ‘पाणी’ म्हणायची, कधी ‘पानी’. माझ्या अर्धवट शिक्षणानं पोरीचा गोंधळ होतोय, ही धास्ती मला होती.

शेवटी मी अंगणवाडीच्या बाईंना घरी बोलावलं. त्यांच्यासमोरच मुलीनं शेजारच्या काकूंपुढे पेला धरून “पानी” मागितलं. काकू याच गावच्या, त्यांची बोली तशीच. भरलेला पेला घेऊन ती माझ्याकडे वळली नि म्हणाली, “आई, पाणी!”

बाई हसल्या. “अहो ताई, कुणाशी कसं बोलायचं ते हिला कळतंय. लहानपणी जेवढं कानावर पडतं, तेवढे मेंदूतले धागे जुळत जातात. तुम्ही बोलता ना हिच्याशी?”

“दिवसभर. भाजी निवडताना, भांडी घासताना.”

“मग झालं की!”

“आमची पन शिकवनी हाय त्यात,” काकूंनी मला दटावलं, “इसरू नको!”

माझ्या बडबडीनं पोरीच्या डोक्यात एवढं काही घडत होतं! मी चहा टाकला आणि ताठ मानेनं दोघींच्या मधे येऊन बसले.