किसनची तीन अक्षरे

सांडूअप्पा साळवे यांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. गुलमंडीच्या मागची गल्ली, उतरती दुपार, मांडीपुढे काळ्या दगडाची घडीव शिळा आणि अप्पांचे नुसते ओठ हलत होते. बाग खात्यातला नवा कारकून म्हणून मी फलकाचा मजकूर घेऊन गेलो होतो. म्हातारबुवांना डुलकी लागली असावी, असे समजून मी खाकरलो. त्यांनी हातानेच थांबायला सांगितले. कोरायचे नाव ते मनाशी म्हणून पाहत होते.

आपल्या शहरातल्या पुतळ्यांच्या चौथऱ्यांवरची, स्मारकांवरची, बागांच्या दारांवरची कितीतरी अक्षरे अप्पांच्या छिन्नीची आहेत. त्यांच्याबरोबर एखाद्या बागेत फिरायला जावे. सावल्या लांबलेल्या असत, अप्पा एखाद्या अक्षरावरून बोट फिरवत आणि हळू आवाजात सांगू लागत: हा 'ळ' कोरताना त्या गुरुजींची लेक दिवसभर शेजारी बसून होती, एक शब्द बोलली नाही. ऐकता ऐकता दगडावरची सगळी माणसे हिरवळीवर येऊन बसली आहेत, असे मला वाटू लागे. कचेरीत परत जायचे आहे, हेही मी विसरत असे.

अप्पांचा एक दंडक होता. नुसत्या कागदावरून नाव कोरायचे नाही. घरच्या माणसाने ते एकदा तोंडाने म्हणायचे, मग गेरूने आखणी. या हट्टापायी साहेब लोक वैतागत. खरे सांगायचे तर मीही.

एका लहानशा बागेत स्मृतिशिला बसवायची होती. वाळूजला कामाला जाणारा फुलंब्रीकडचा एक तरुण तळ्यात बुडणाऱ्या दोन मुलांना काठाला लावून स्वतः मात्र वर आला नव्हता. त्याच्या आईने, भागाबाईंनी, कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या अर्जात त्याचे नाव किसन होते. मला ते अगदीच गावठी वाटले. दगडावर कसे शुद्ध हवे! मी यादीत 'कृष्णा' केले. भागाबाई लांब गावी होत्या; त्यांनी तुमच्यापुढे तरी नाव म्हणून दाखवले का, असे अप्पांनी विचारले, तेव्हा मी बेधडक हो म्हणालो.

अनावरणाच्या आदल्या दिवशी सकाळी भागाबाई बागेत आल्या; अप्पा, आमच्या खात्याचे साहेब आणि मी शिळेपाशीच होतो. जन्म मेंढरांमागे गेलेला, शाळा ठाऊक नाही. पण लेकाने त्यांना आपले नाव तेवढे ओळखायला शिकवले होते, एकेका अक्षरावर बोट ठेवून. वरच्या ओळीत एकटे नाव होते. त्यांनी बोट ठेवून मोजले. पुन्हा मोजले.

"दोनच हायेत," त्या म्हणाल्या. "माझ्या किसनची तीन असत्यात. त्याचा दगड कुठंय?"

चूक कुणाची, असे साहेबांनी विचारले. अप्पांनी माझ्याकडे एकवार पाहिले.

"माझ्याच कानाची चूक हाये, साहेब."

साहेबांनी त्यांना सर्वांदेखत नको ते सुनावले, यापुढे या खात्याचे काम विसरा असेही बजावले. मी खाली मान घालून उभा राहिलो. अप्पा भागाबाईंकडे वळले. "माय, एकदा नाव म्हणा बरं."

त्यांनी म्हटले, लेकाला रानातून जेवायला हाक मारावी तसे. अप्पांनी डोळे मिटले. मग शिळा उलटवून तिची मागची बाजू घडवायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत तीन खोल, रुंद अक्षरे कोरली. दुसऱ्या दिवशी भाषणे संपल्यावर भागाबाई शिळेपाशी बसल्या. बोट खाचेतून फिरत राहिले. "व्हय, ह्योच," त्या म्हणाल्या.

त्यानंतर ते साहेब बदलून जाईपर्यंत आमच्या खात्याने अप्पांना बोलावले नाही. त्या दिवसाचा विषय अप्पांनीही माझ्याजवळ कधी काढला नाही. पुढे माझे वडील वारले, तेव्हा ते आपणहून दगड घेऊन घरी आले आणि मला वडिलांचे नाव म्हणायला लावले. मी ढसाढसा रडलो; माझे रडू ओसरेपर्यंत ते थांबले.

आज त्यांच्या अमृतमहोत्सवाला जमलेल्या आपणा सर्वांसमोर मी लिहून देतो: अप्पांचा कान चुकला नव्हता. 'कृष्णा' मी केले होते, आणि खोटेही मीच बोललो होतो.

अप्पा, तुम्हांला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. या गोष्टीवरून तुम्ही मला अजून एकदाही रागावलेला नाहीत. निदान तेवढे रागावण्यासाठी तरी खूप वर्षे आमच्यात राहा.